आईला लडाखच्या गोंपात (बौद्ध मठात) न्यायचंय. कुठला, किती दिवस आणि आत वागायचं कसं?

निळी छत्री (दापोडी)

नमस्कार. धागा काढण्याआधी इथले लडाखचे जुने धागे चाळले. तिथे बुलेट, पँगाँग आणि 'कुठलं हॉटेल स्वस्त' याच्या पलीकडे फारसं काही सापडलं नाही, म्हणून नवीन काढतेय.

आई ६३ वर्षांची आहे, पालिकेच्या बालवाडीतून निवृत्त झाली. घरी रोज दिवेलागणीला त्रिशरण-पंचशील असतं. २५ डिसेंबरला देहूरोडला जाणं चुकत नाही (१९५४ साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्ती बसवली). कार्ला-भाजे-बेडसे तर आम्हाला पायाखालची वाट. यंदा कुणीतरी एक कॅलेंडर दिलं. त्यात जुलैच्या पानावर उघड्याबोडक्या डोंगरावर पांढऱ्या घरांची उतरंड, खाली नाव 'ठिकसे'. जुलै संपला तरी आई पान उलटू देईना. विचारलं तर म्हणाली, "तिथं भंतेजी राहतात ना गं अजून? आपल्या लेण्यांत कुणी राहत नाही."

बस्, एवढंच. बाकी ती काही मागणाऱ्यातली नाही. भावाने दुसऱ्याच दिवशी एका सहल कंपनीचं पत्रक आणलं. सहा रात्री, नऊ गोंपा, शिवाय नुब्रा, पँगाँगला मुक्काम आणि अर्धा दिवस खरेदी. वाचूनच मला धाप लागली.

आईला रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. गुडघे कुरकुरतात, पण पर्वती हळूहळू का होईना चढते. सप्टेंबरमध्ये न्यायचं मनात आहे. मी, आई आणि मावशी. उंचीचा त्रास कितपत होईल? एकच गोंपा नीट बघायचा तर कुठला? आणि आईचे दोन प्रश्न तिच्याच शब्दांत: "तिथं आपल्याला बसून वंदना म्हणता येईल का? आणि ते आपल्याला काही विचारतील का, तुम्ही कुठले बौद्ध म्हणून?"

दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते मला कळलं नाही.


थर्मामीटर (औंध)

मी फिजिशियन आहे, पण तुमच्या आईंना तपासलेलं नाही. त्यामुळे गोळीचं नाव आणि मात्रा इथे विचारू नका, मी सांगणार नाही. बाकीचं सांगतो.

पुणे ५६० मीटरवर आहे, लेह साधारण ३,५०० मीटरवर. तिथल्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणून दर श्वासाला पदरात कमी पडतो. शरीर हे जमवून घेतं, फक्त त्याला दिवस द्यावे लागतात. विमानाने दिल्लीहून सव्वा-दीड तासात तिथे उतरलात की ते दिवस तुम्ही दिलेलेच नसतात. मग ते लेहमध्ये बसून द्या. पहिले दोन दिवस खोली, अंगण, जेवण, झोप. बाजारातही नको.

पर्वती चढते याचा आनंद आहे, पण त्याचा इथे उपयोग नाही. दमसास चांगला असला म्हणजे उंची बाधणार नाही असं नसतं. जिमवाली तरणी पोरं आडवी होतात आणि आजीबाई खुर्चीत बसून विणकाम करत असतात. वय ६३ हे स्वतःहून अडचण नाही. रक्तदाब ताब्यात आहे का, हृदय-फुप्फुसाचं आधीचं काही दुखणं आहे का, हे तुमच्या डॉक्टरांकडून निघण्याच्या महिनाभर आधी तपासून घ्या. उंचीसाठी ॲसिटॅझोलामाइड नावाचं औषध देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. त्या औषधाने लघवी वाढते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून चालू गोळीचं पाकीटच डॉक्टरांसमोर ठेवा. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र घ्यायची नाही.

डोकं दुखणं, भूक जाणं, मळमळ, तुटक झोप हे पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना होतं. त्यावर विश्रांती. पण बसल्याजागी धाप लागणं, खोकला, किंवा बोलण्यात गोंधळ आणि चालताना झोक जाणं, यापैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघत बसू नका. दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं.

त्या पत्रकातला पँगाँगचा मुक्काम काढून टाका. तलाव सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं त्या मानाने बरं. रस्त्याने जाण्याची तयारी असेल तर श्रीनगरहून जा. वाटेत कारगिल २,६७६ मीटरवर आहे, तिथे रात्र काढता येते.


बुलेटवाला (पिंपळे गुरव)

लेहचा आता लक्ष्मी रोड झालाय. गर्दी, हॉर्न, मोमो. आईंना खरं काही दाखवायचं असेल तर स्पितीला न्या. की, ताबो, धनकर, एकेक गोंपा बघण्यासारखा! शिमल्याहून किन्नौरमार्गे हळूहळू चढत जायचं, त्यामुळे डॉक्टरसाहेब म्हणतात तो उंचीचा प्रश्नही सुटतो. आणि ताबो तर एक हजार वर्षांहून जुना. लडाख लडाख काय करता सगळे.


चुनखडी (एरंडवणे)

एरवी मी प्रवासाच्या धाग्यांवर येत नाही. आईंचं लेण्यांबद्दलचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझं काम भित्तिचित्रांच्या जतनाचं आहे. लडाखच्या मातीच्या भिंतींकडे वीतभर अंतरावरून बघण्यात बरेच उन्हाळे गेलेत, त्यामुळे हे लांबणार. चहा घेऊन बसा.

पत्रक रद्दीत घाला. नऊ गोंपा म्हणजे नऊ वेळा बूट काढायचे, नऊ वेळा घालायचे, आणि रात्री जेवताना कुठल्या गोंपात काय होतं यावर वाद. तुम्हाला दोन पुरेत. एक नांदता, एक जुना. नांदता म्हणजे ठिकसे, जुना म्हणजे आल्ची.

ठिकसे लेहपासून विसेक किलोमीटरवर, सिंधूच्या खोऱ्यात. गेलुग पंथाचा, म्हणजे दलाई लामांच्या परंपरेतला. दिवसा अकरा वाजता जाऊ नका, तेव्हा तिथे तुमच्यासारखेच लोक असतात. पहाटे जा. लेहहून अंधारात निघायचं. सकाळच्या पूजेची वेळ सहा-सातच्या दरम्यान असते, पण ती बदलते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून किंवा गाडीवाल्याला पाठवून विचारून घ्या. गाडी बरीच वर जाते. उरलेल्या पायऱ्या आई थांबत थांबत चढतील, घाई करू देऊ नका.

पूजेआधी छतावर भिक्खू लांब कर्णे फुंकतात. तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. मग सगळे दुखांगमध्ये, म्हणजे सभागृहात जमतात. लाकडी खांबांच्या रांगा, मधे बुटक्या बैठका, त्यावर भिक्खू समोरासमोर. पुढ्यात लांबट सुट्या पानांचे ग्रंथ, लाकडी फळ्यांमध्ये कापडात बांधलेले, अगदी आपल्या पोथ्यांच्या घाटणीचे. पाठ सुरू करणारा असतो त्याला उमझे म्हणतात. त्याचा आवाज इतका खर्जातला असतो की पहिल्यांदा ऐकताना वाटतं कुठेतरी यंत्र चालू आहे. मधेच झांजा, ढोल, घंटा. मग एकदम शांतता आणि चहा.

तर चहा. लोणी आणि मीठ घालून लाकडी नळकांड्यात घुसळलेला. दहा-बारा वर्षांचे छोटे भिक्खू मोठाल्या किटल्या घेऊन रांगांमधून जवळजवळ पळत असतात, आणि बसलेल्या पाहुण्यांनाही देतात. भिक्खू त्यात भाजलेल्या जवाचं पीठ टाकून बोटांनी मळतात आणि खातात, पानांवरची नजर न हलवता. हाच त्यांचा नाश्ता. तुमचा पेला अर्धा झाला की लगेच भरला जाईल. नको असेल तर भरलेला तसाच राहू द्या आणि निघताना संपवा. कुणी आग्रह करत नाही, कुणी रागावतही नाही. आणि त्या वाळवंटी थंडीत, ओठ फुटलेले असताना, तो चहा लागतो. सदाशिव पेठेत तोच पेला मी तोंडाला लावला नसता.

बहुतेक पर्यटक दहा मिनिटं बसतात, चार फोटो काढतात, उठतात. तुम्ही उठू नका. भिंतीकडेच्या चटईवर पाय दुमडून बसा, पाय लांब करून तळवे मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे करायचे नाहीत. आईंना जमिनीवर जमत नसेल तर आधीच कुणाला तरी सांगा, काहीतरी सोय करतात. पंधरा-वीस मिनिटं गेली की आपण तिथे आहोत हे त्यांच्या लेखी संपतं. पेंगणारा छोटा, त्याला कोपराने ढोसणारा दुसरा, चष्मा पुसणारे म्हातारे भिक्खू, हे सगळं दिसायला लागतं. आईंनी विचारलं ना, "राहतात ना अजून?" त्याचं उत्तर तिथे बसून मिळेल, मला इथे लिहून देता येणार नाही.

वंदना म्हणता येईल का? पूजा चालू असताना मनात. ती संपली की शेजारच्या मैत्रेयाच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाच्या, देवळात जा. सुमारे १५ मीटर उंचीची मूर्ती आहे, दोन मजले व्यापून. गंमत म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावरून आत जाता, त्यामुळे समोर येतो तो थेट चेहरा. पाय बघायचे तर कठड्यावरून खाली वाकावं लागतं. तिथे हळू आवाजात काय म्हणायचं ते म्हणा. लडाखी आजीबाई तरी दुसरं काय करत असतात.

आत शिरण्याआधी पडवीतल्या भिंतीवर आईंना पाच मिनिटं थांबवा. जवळजवळ प्रत्येक गोंपाच्या दाराशी चार दिशांचे चार राजे रंगवलेले असतात: वीणा घेतलेला धृतराष्ट्र, तलवारवाला विरूढक, हातात स्तूप असलेला विरूपाक्ष आणि मुंगूस धरलेला वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. शेजारीच बहुधा भवचक्र असतं, एका भयानक प्राण्याने दातांत आणि नखांत धरलेलं. त्याच्या मधोमध डुक्कर, साप आणि कोंबडा एकमेकांची शेपटी धरून फिरत असतात. मोह, द्वेष, लोभ. बालवाडीच्या शिक्षिकेला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही, त्याच तुम्हाला सांगतील.

आता आल्ची. लेहहून पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटर, आणि उंची साधारण ३,१०० मीटर, म्हणजे लेहपेक्षा खाली. थर्मामीटर यांना हे आवडेल. एक रात्र तिथेच काढा. हा गोंपा डोंगरावर नाही, गावातच सपाटीवर आहे, जर्दाळूच्या झाडांमधून चालत जायचं. बाहेरून तुमचा विश्वास बसणार नाही की हे काही बघण्यासारखं आहे.

तीन मजली सुमचेक देवळात तीन मातीचे बोधिसत्त्व उभे आहेत, इतके उंच की त्यांची डोकी वरच्या मजल्यात गेलीत. तिघांच्या धोतरांवर चित्रं आहेत. अवलोकितेश्वराच्या धोतरावर राजवाडे आणि देवळं, मंजुश्रीच्या धोतरावर ८४ सिद्ध, आणि मधल्या मैत्रेयाच्या तांबड्या धोतरावर अख्खं बुद्धचरित्र, एकेका वर्तुळात एकेक प्रसंग. काम काश्मिरी चित्रकारांच्या हातचं. अकराव्या शतकातलं की तेराव्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत उभं राहायचं, मग एकेक वर्तुळ वर येतं. मावशींना आणि आईंना प्रसंग ओळखायला लावा. तुमच्यापेक्षा जास्त ओळखतील.

आत फोटो काढायला बंदी आहे आणि तिथे दारावरच्या भिक्खूशी हुज्जत घालणारे आपले मराठी लोक मी कानांनी ऐकलेत. ("आम्ही फ्लॅश नाही मारत हो.") रंग मातीच्या गिलाव्यावर सरसात कालवून लावलेले आहेत, पाणी लागलं की सुटतात, बोट लागलं की भुकटी होतात. पण माझ्या लेखी सगळ्यात वाईट वस्तू कॅमेरा नाही, पाठीवरची सॅक आहे. माणूस वर बघत मागे सरकतो आणि सॅक शेकडो वर्षांच्या चित्रावरून खसकन घासून जाते. त्याला कळतही नाही. सॅक गाडीत ठेवा.

आणि पाऊस. लेहला वर्षभरात शंभरेक मिलिमीटर पडतो. आपल्या लोणावळ्यात जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. म्हणून तिथली छपरं सपाट: पॉप्लरच्या तुळया, वर विलोच्या काटक्या, त्यावर गवत आणि चोपलेली माती. रिमझिम झाली तर माती पाणी पिऊन घेते आणि उन्हात वाळते. जोरात पडला तर माती झिरपते आणि गढूळ ओघळ चित्रांवरून खाली येतात. ६ ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने लेहमध्ये माणसं गेली, गावं वाहिली. त्यापुढे छपरांचं दुःख सांगू नये, पण गोंपांची छपरंही गळली. चुकून पाऊस आलाच तर कुणी छतावर माती टाकताना दिसेल. थांबून बघा. संवर्धन म्हणजे मुख्यतः तेच असतं.

रीतभात थोडक्यात: बूट आणि टोपी बाहेर, सगळीकडे प्रदक्षिणेच्या दिशेने, रस्त्यात कोरीव दगडांची मणी भिंत आली तर ती उजव्या हाताला ठेवून जायचं. भिक्खूंच्या बैठका ओलांडायच्या नाहीत. गोनखांग म्हणून रक्षक देवतांची एक खोली असते, तिथल्या मूर्तींचे चेहरे बहुधा कापडाने झाकलेले असतात. काही ठिकाणी तिथे बायकांना प्रवेश नसतो. त्यावर माझं मत आहे, आणि ते तुम्हाला ऐकू येतंच आहे.

बुलेटवाला, ताबोबद्दल बरोबर बोललात. ९९६ सालचा, आणि तिथली चित्रं बघून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. पण किन्नौरचा तो रस्ता ६३ वर्षांच्या गुडघ्यांना आणि पाठीला, दरडी कोसळायच्या दिवसांत? आणि की गोंपा ४,१६६ मीटरवर आहे, ठिकसेहून बराच उंच. स्पिती तुमच्यासाठी ठेवा.


बुलेटवाला (पिंपळे गुरव)

सॅकचा मुद्दा पटला. रस्त्याचा नाही. माझी आई गेली होती तिकडून.


येरवड्याचे काका

जय भीम ताई. आमच्या विहाराचा ज्येष्ठांचा गट घेऊन गेलो होतो, म्हणून लिहितो. वरच्या बाईंनी चित्रांचं छान सांगितलं. मी तुमच्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो, कारण तो प्रश्न आमच्याही मनात होता.

कुणीही विचारत नाही. पुण्याहून आलो, बौद्ध आहोत, एवढं म्हटलं की हात जोडतात आणि "जुले" म्हणतात. लेहमध्ये बऱ्याच भिक्खूंना हिंदी येतं. दोघा-तिघांनी बाबासाहेबांचं नाव स्वतःहून काढलं. त्यापुढे आमच्या गटातल्या एका आजीने त्यांना नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ ची सगळी हकीकत सांगितली. तिचे वडील दीक्षेला गेले होते. चहा गार झाला तरी तो भिक्खू उठला नाही.

पण खटकणार नाही असं मी सांगणार नाही. आम्ही बावीस प्रतिज्ञा म्हणणारी माणसं. तिथे पाहतो तर दिवे, नैवेद्य, कवट्यांच्या माळा घातलेला महाकाल. आमच्यातले एक जण तर खोलीबाहेरच उभे राहिले, म्हणाले, हे मी चाळीस वर्षांपूर्वी सोडलंय. त्यांना कुणी आत ओढलं नाही आणि मीही नाही. शरण जातानासुद्धा ते आधी लामाला, म्हणजे गुरूला शरण जातात, मग बुद्ध, धम्म, संघ. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे चार. यावर आमची परतीच्या गाडीत दिल्लीपर्यंत चर्चा चालली होती आणि ती अजून मिटलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की आईला आधी सांगून न्या. ती आपलं विहार शोधायला गेली तर तिला ते सापडणार नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली तर खूप मिळेल.

आणि एक जागा चुकवू नका. लेहजवळ चोगलमसरला महाबोधी आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र आहे, भिक्खू संघसेनांनी १९८६ साली सुरू केलेलं. हे थेरवादी आहे. म्हणजे पाली! आमच्या बायका चार दिवस तिबेटी पाठ गप्प बसून ऐकत होत्या. तिथे 'नमो तस्स भगवतो' कानावर पडलं आणि सगळ्या एकदम मोठ्याने म्हणायला लागल्या. शाळा, वृद्धाश्रम, दवाखाना, सगळं एकाच आवारात आहे. आईला बसून वंदना म्हणायची असेल तर तिथे खुशाल म्हणू दे.

विमानतळावर उतरलात की आईला पाटी दाखवा: कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ. एका भिक्खूचं नाव. शेजारच्या स्पितुक गोंपाचे ते मुख्य लामा. लोकसभेत खासदार होते, मंगोलियात दहा वर्षं भारताचे राजदूत होते. पाटीखाली आमच्या गटाचा फोटो आहे. माझ्याकडचा तेवढा एकच फोटो धड आलाय, बाकी सगळ्यांत कुणीतरी डोळे मिटलेत.

शांती स्तूपालाही न्या. जपानी भिक्खूंनी बांधला, १९९१ चा. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, तिकडे बघूही नका. गाडी थेट वर जाते.


निळी छत्री (दापोडी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. 'पाहुणी' वर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग काहीतरी घेऊन जावं लागेल. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये." आता तिने तीन प्रकारच्या चटण्या आणि बाकरवडीची यादी केलीय. भिक्खूंना बाकरवडी चालेल का हा माझा नवा प्रश्न!

भावाशी भांडण झालं, पण पत्रक गेलं. आता बेत असा: लेहमध्ये दोन दिवस नुसते, मग चोगलमसर आणि शांती स्तूप, पुढच्या पहाटे ठिकसे, मग आल्चीला दोन रात्री. हेमिसचा गोंपा जमला तर. नुब्राला दिस्कितची ३२ मीटरची मैत्रेयमूर्ती बघायची मावशीची इच्छा आहे, ते ठेवावं का?

मावशीने कापराच्या वड्या घेतल्यात, हुंगायला. आणि कुणीतरी सांगितलंय की तिकडे फोन चालत नाहीत.


थर्मामीटर (औंध)

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. मावशींना बरं वाटत असेल तर हुंगू दे, पण त्याच्या भरवशावर लक्षणं अंगावर काढू नका. बाजारात मिळतात त्या प्राणवायूच्या छोट्या डब्यांचंही तेच. चार मिनिटांचा दिलासा. त्यापेक्षा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. एकाच आकड्याला घाबरू नका, दिवसागणिक कल बघा, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

दिस्कित स्वतः लेहपेक्षा खाली आहे, पण वाटेत खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर. पहिले चार-पाच दिवस सगळ्यांचे चांगले गेले तरच शेवटी ठेवा, आणि खिंडीत फोटोसाठी वीस मिनिटं थांबू नका. दहाही नको.


बुलेटवाला (पिंपळे गुरव)

फोन: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तिघींपैकी एकीचं तरी पोस्टपेड करून घ्या. नुब्राला जाणार असाल तर पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरावं लागतं, त्याच्या पावतीच्या दोन-तीन छापील प्रती ठेवा, नाक्यावर नेट असेलच असं नाही. लेहची विमानं बहुतेक सगळी सकाळी असतात, दुपारनंतर वारा सुटतो. त्यामुळे परतीला दिल्लीत हातात वेळ ठेवा. हवामान बिघडलं की विमान रद्द होतं आणि तुमचं दिल्ली-पुणे तिकीट वाया.

(हे सगळं स्पितीला लागत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.)


चुनखडी (एरंडवणे)

बाकरवडी चालेल. धावेल. छोट्या भिक्खूंसमोर पुडा उघडा आणि बाजूला व्हा. पण विहारात नेऊन पुढ्यात ठेवू नका, स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात बसलेल्या भिक्खूकडे द्या, तो वाटून देतो. चटण्या मावशींना लागतील, आल्चीत रोज बटाटा असतो. पैसे द्यायचे तर दानपेटीत, किंवा दिव्यासाठी म्हणून देऊन पावती घ्या. मुलांच्या हातात नोटा ठेवायच्या नाहीत, काही पर्यटक ठेवतात आणि मग ती मुलं पूजेत दाराकडे बघत बसतात.

सुमचेकमधला अंधार नको वाटला तर वेगळी छोटी विजेरी न्या, उजेड मंद हवा, आणि लावण्याआधी विचारा. फोनची नको. फोन हातात असला की तिथला भिक्खू तुमच्याकडेच बघत राहतो, आणि त्याचं बरोबरच असतं.


निळी छत्री (दापोडी)

तिकिटं काढली. मावशीने विचारलंय, त्या चहात साखर घातली तर चालेल का.


येरवड्याचे काका

आमच्यातल्या तिघांनी घातली होती. एकानेही दुसरा घोट घेतला नाही. मावशींना म्हणावं, साध्या दुधाचा चहाही मिळतो तिथे, गोड. आधी सांगायचं फक्त.